घरी सोडण्याआधी बाळाच्या पायालाही ऑक्सिमीटर लावा

संपादक महोदय,

जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांवरील मोफत शस्त्रक्रियांच्या बातम्या वाचून समाधान वाटते. मात्र शस्त्रक्रिया कितव्या महिन्यात झाली, हे त्या बातम्यांत सहसा नसते.

माझ्या मुलीला फॅलोची टेट्रालॉजी होती, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधील पडद्याला भोक, त्यावर सरकून आलेली महारोहिणी (शरीराला रक्त पुरवणारी मुख्य रक्तवाहिनी), फुप्फुसांकडे जाणारा अरुंद मार्ग आणि त्यामुळे जाड झालेला उजवा कप्पा. रडताना तिचे ओठ जांभळे पडत, ते थंडीमुळे असल्याचे आम्हाला प्रसूतिगृहात सांगण्यात आले. चालू लागल्यावर ती चार पावले टाकून उकिडवी बसे आणि आम्हाला तो खेळ वाटे. (उकिडवे बसल्याने फुप्फुसांकडे थोडे अधिक रक्त वळते, पोर नकळत स्वतःवर उपचारच करत होती.) सव्वा वर्षाची झाल्यावर कुठे टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाली, मग मुंबईत शस्त्रक्रिया झाली, भोकाला ठिगळ लावले गेले आणि अरुंद मार्ग मोकळा केला गेला. आज ती दुसरीत आहे; तरी तिची नखे पाहण्याची माझी सवय सुटलेली नाही.

शेजारच्या खाटेवरच्या बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन्ही मुख्य रक्तवाहिन्यांची जन्मतःच अदलाबदल झाली होती. त्या कापून योग्य जागी जोडण्याची शस्त्रक्रिया ब्राझीलचे डॉ. अदिब जातेने यांनी १९७५ मध्ये यशस्वी केली आणि आज ती आपल्याकडेही होते. परंतु अशा बाळाचा डावा कप्पा फुप्फुसांकडे रक्त ढकलण्याचे हलकेच काम करत राहिल्याने काही आठवड्यांत दुबळा होतो आणि पुढे साऱ्या शरीराचा भार त्याला पेलत नाही. हे बाळ तिसऱ्या महिन्यात आले होते, त्यामुळे आधी त्या कप्प्याला तयार करण्यासाठीच वेगळी शस्त्रक्रिया करावी लागली.

कोविडनंतर घरोघरी पोहोचलेल्या ऑक्सिमीटरचाच नवजात बाळांसाठीचा प्रकार जन्मानंतर चोवीस तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला लावला, तर पाच मिनिटांत अशी पुष्कळ बाळे ओळखता येतात. रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण ९५ टक्क्यांखाली असेल किंवा हातापायांत तीनहून अधिक टक्क्यांचा फरक असेल, तर चाचणी पुन्हा करायची. नव्वदखाली असेल तर पुन्हा चाचणीसाठी थांबायचेच नाही, लगेच हृदय तपासायचे. महारोहिणीचे आकुंचन किंवा फॅलोचा सौम्य प्रकार यातून निसटू शकतो, हे मान्य. म्हणून स्टेथोस्कोप बाजूला ठेवायचा नाही. अमेरिकेत २०११ मध्येच नवजात बाळांच्या शिफारस केलेल्या तपासण्यांत या चाचणीचा समावेश झाला.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघरहून झाली आणि जन्मजात हृदयदोष त्याच्या यादीत आहेत. त्याअंतर्गत अंगणवाडीत होणाऱ्या तपासणीत दोष सापडतोही, पण रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेल्या बाळाला तोवर फार उशीर झालेला असतो. तेव्हा सरकारी असो वा खासगी, प्रत्येक प्रसूतिगृहाच्या डिस्चार्ज कार्डावर हाताचे आणि पायाचे असे दोन आकडे लिहिणे आरोग्य विभागाने सक्तीचे करावे, आणि ते नसतील तर बाळाला घरी सोडू नये, ही विनंती.

— एक पालक, सातारा जिल्हा