धाकटीच्या काळजीपोटी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस की कुलकर्णी काकूंनी इथे अमेरिकेत नवऱ्याचा छळ सोसणाऱ्या त्यांच्या धाकट्या लेकीला "दोन वर्षं काढ, ग्रीन कार्ड हातात आलं की बघू" असं सांगितलंय. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. बाबा, तुम्ही हे काकांना समजावून सांगाल, म्हणून सविस्तर लिहिते.

मी वकील नाही, वकिलांच्या ऑफिसात फायली तयार करते. पण तिचा नवरा तिला जे बोलतो, "पोलिसांना फोन केलास तर विमानात बसवून देईन", ते मी किती तरी बायकांच्या जबान्यांत टाइप केलंय. पासपोर्ट त्याच्या कपाटात, बँकेचं खातं त्याच्या नावावर, माहेरी फोन करायचा तो त्याच्यासमोर. माणसं बदलतात, धमकी तीच असते.

तिला देशाबाहेर काढायचा अधिकार कुठल्याही नवऱ्याला नाही. तो फार तर तिच्या ग्रीन कार्डासाठी केलेला स्वतःचा अर्ज मागे घेऊ शकतो. या एका गोष्टीच्या जोरावर बायकांना घरात डांबून ठेवलं जातं हे इथल्या संसदेला दिसलं, आणि १९९४ साली स्त्रियांवरच्या हिंसाचाराविरुद्ध जो कायदा झाला त्यात यावर वाट काढली गेली. वकील त्याला 'वावा' म्हणतात. नवरा अमेरिकेचा नागरिक असेल किंवा ग्रीन कार्डवाला असेल, तर बायको स्वतःचा अर्ज स्वतः करू शकते. फी नाही. नवऱ्याला कळवलं जात नाही. तिची माहिती त्याला द्यायची नाही आणि निव्वळ त्याच्या सांगण्यावरून तिच्याविरुद्ध निर्णय घ्यायचा नाही, असं अधिकाऱ्यांवर कायद्याचंच बंधन आहे. काकू म्हणाल्या ना, "हात उगारतो, पण तसं काही लागलेलं नाही"? अंगावर वळ दिसलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. कोंडून ठेवणं, पैसे न देणं, सतत धमकावणं हेसुद्धा पराकोटीच्या क्रूरतेत धरलं जाऊ शकतं. घटस्फोट झाला तरी, त्याचा छळाशी संबंध असेल, तर दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो.

म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट शोधून काढा: त्याच्याकडे नेमके कुठले कागद आहेत? "त्याचं तिकडे सगळं पक्कं आहे" हे उत्तर नव्हे. तो अजून एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि धाकटी एच-फोरवर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर, तर वावाचा अर्ज तिला करता येणार नाही. आपल्याकडच्या मुली अडकतात त्या बहुतेक इथेच. घटस्फोट झाला की एच-फोर संपतो. त्यामुळे सासरकडून संमतीच्या घटस्फोटाचे कागद सहीला आले, तर इथल्या वकिलाला दाखवल्याशिवाय तिने सही करू नये. काका रागाच्या भरात तिचं परतीचं तिकीट काढायला निघालेत म्हणे. तिला यायचं असेल तर अवश्य यावं, माहेर तिचंच आहे. पण एकदा बाहेर पडली की परत येणं नवऱ्याच्या कागदांवर अवलंबून राहील आणि इथले अर्ज तिकडून करणं अवघड होऊन बसेल. तेव्हा आधी सल्ला, मग तिकीट.

एच-फोरवरच्या बाईला छळ दाखवता आला तर कामाचा परवाना मागता येतो, मात्र त्यातून पुढे ग्रीन कार्डाची वाट निघत नाही. तशी वाट आहे ती यू व्हिसाची. हा २००० साली आला. कौटुंबिक हिंसा, बलात्कार, अपहरण, डांबून ठेवणं, खंडणी अशा ठरावीक गुन्ह्यांत जो बळी पडला आणि ज्याने तपासाला मदत केली, त्याच्यासाठी. इथे नवऱ्याचे कागद कुठले आहेत याने फरक पडत नाही, आणि त्याला शिक्षा झालीच पाहिजे अशीही अट नाही. पण पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायाधीश यांच्यापैकी कोणाची तरी, हिने मदत केली अशी सही लागते. ती सही सहा महिन्यांहून जुनी चालत नाही. वर्षाला दहा हजारच व्हिसा, आणि अर्ज त्याहून कितीतरी जास्त, त्यामुळे रांग वर्षानुवर्षांची. २०२१पासून अर्ज प्रथमदर्शनी खरा वाटला तर रांगेत असतानाच कामाचा परवाना मिळू शकतो, तेवढाच दिलासा. मध्यंतरी आपल्याच काही देशबांधवांनी दुकानांत खोटे दरोडे घडवून आणून या व्हिसासाठी अर्ज केले आणि पकडले गेले. त्याचा मला फार संताप येतो. त्यांच्यापायी खरोखर मार खाल्लेल्या बाईकडेही संशयाने बघितलं जातं.

बाबा, हे बायकांपुरतंच नाही. कॅटरिना वादळानंतर मिसिसिपी आणि टेक्सासमधल्या जहाजाच्या गोद्यांसाठी आपल्याकडून सुमारे पाचशे वेल्डर आणि फिटर नेले होते, तुमच्यासारखेच कारखान्यात हात काळे केलेले. ग्रीन कार्डाचं आमिष दाखवून एकेकाकडून दहा हजार डॉलरच्या वर उकळले आणि छावणीत कोंबून ठेवलं. तोंड उघडलंस तर परत पाठवू, ही धमकी तिथेही. २००८ साली ते काम सोडून बाहेर पडले, आणि २०१५ साली न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने त्यांच्यातल्या पाच जणांना सुमारे १४ दशलक्ष डॉलर भरपाई दिली. त्यांच्यातल्या कित्येकांना टी व्हिसा मिळाला. तोही २००० सालच्याच कायद्यातला, माणसांची अशी वाहतूक करून राबवून घेतलेल्यांसाठी.

एक खरं सांगायला हवं. सध्या वारं उलटं आहे. अटक करताना समोरचा माणूस गुन्ह्याचा बळी आहे का हे आधी बघण्याबद्दलचं जुनं मार्गदर्शन २०२५च्या सुरुवातीला रद्द झालं. वावा, यू, टी हे कायदे पुस्तकात जागेवर आहेत, पण जपून पावलं टाकावी लागतात. म्हणून नातेवाइकांच्या ऐकीव सल्ल्यावर किंवा एजंटावर विसंबू नका, इमिग्रेशनचंच काम करणारा वकील हवा. ती कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात आहे ना? तिथे 'मैत्री' आणि 'नारिका' या आपल्या दक्षिण आशियाई बायकांसाठीच्या जुन्या संस्था आहेत. हिंदीत बोलता येतं, आणि फोन केला म्हणजे लगेच घर सोडलंच पाहिजे असं कोणी म्हणत नाही. जिवाला धोका वाटला तर मात्र ९११, हा इथला तातडीच्या मदतीचा नंबर. तिथे इंग्रजी अडलं तर दुभाषा मागता येतो.

काका-काकूंना तिथे बसून बरंच करता येईल. लग्न खरं होतं हे दाखवावं लागतं, तर पत्रिका, फोटो, हॉलची पावती, लग्नाचा दाखला एकत्र करून ठेवा. तिने रात्री-अपरात्री पाठवलेले मेसेज पुसू नका. तिने फोनवर काय सांगितलं, कधी सांगितलं, ते काकूंनी आठवेल तसं लिहून काढावं, त्यांची जबानी उपयोगी पडेल. आणि मुख्य म्हणजे "सहन कर" म्हणणं आजपासून बंद. तिच्या सासूला फोन करून जाब विचारणंही नको. त्याची झळ धाकटीलाच लागेल.

आई, इथे नातवंडं सांभाळायला येऊन मुलाच्याच घरी कोंडले गेलेले आईवडीलही मी पाहिलेत. एकवीस वर्षांवरचा नागरिक मुलगा किंवा मुलगी छळ करत असेल, तर आईवडिलांनाही वावाखाली अर्ज करता येतो. भिशीत कोणाच्या बोलण्यात असं काही आलं तर सांगून ठेव.

हे पत्र काकांच्या घरी जाऊन वाचून दाखवा, पण धाकटीला पुढे पाठवू नका. तिचा फोन तो बघतो असं तूच म्हणालीस. ती कुठल्या वेळी एकटी असते, एवढं काकूंकडून कळवा. मी इथून तिच्याशी बोलते.

तुमची,
मीनल