टीसीएम बदलण्याआधी वायरिंग बघा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दर पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यांचे आणि त्यात अडकलेल्या गाड्यांचे फोटो आपल्या अंकात येतात. पाणी ओसरतं, गाडी सुरू होते आणि मालक निर्धास्त होतो. महिना-दोन महिन्यांनी तीच ऑटोमॅटिक एसयूव्ही गॅरेजच्या दारात उभी असते. तक्रार ठरलेली: गाडी एकाच गिअरला अडकते, पिकअप नाही, 'डी'ला टाकताना झटका बसतो, मीटरवर इंजिनचा दिवा. स्कॅनरवर पी०७०० हा कोड दिसला की निकालही ठरलेला: 'टीसीएम गेला, बदलावा लागेल.' महागड्या परदेशी गाडीत हे बिल लाखाच्या घरात जातं. आणि काढून टाकलेला बॉक्स बऱ्याचदा ठणठणीत असतो.

टीसीएम म्हणजे गिअर कधी आणि किती दाबाने बदलायचा हे ठरवणारा इलेक्ट्रॉनिक बॉक्स. पी०७०० हा त्याच्या बिघाडाचा कोड नाहीच. 'माझ्याकडे काहीतरी नोंदलंय, दिवा लाव' एवढाच निरोप त्याने ईसीएमला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या बॉक्सला दिलेला असतो. खरा कोड टीसीएमच्या मेमरीत असतो आणि ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा तिथवर पोहोचत नाही. गिअरबॉक्सचा मेनू उघडणारा स्कॅनर लावला की चित्र बदलतं. पी०७१५ किंवा पी०७२० असेल तर स्पीड सेन्सर नाहीतर त्याची वायर. पी०७५० च्या आसपासचे कोड सोलेनॉइडकडे, म्हणजे गिअरबॉक्समधल्या ऑइलची वाट उघड-बंद करणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हकडे बोट दाखवतात. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही; क्लच घसरतायत का, ऑइलला जळका वास येतोय का, ते आधी पाहा, तिथे नवा टीसीएम लावून काही होणार नाही. संशय बॉक्सवर घ्यायचा तो पी०६०१, पी०६०५, पी०६१३ असे अंतर्गत बिघाडाचे कोड पुसूनही लगेच परत आले तर. यू०१०१ म्हणजे गाडीतल्या बाकीच्या मॉड्यूलना (इलेक्ट्रॉनिक बॉक्सना) टीसीएमचा आवाज येत नाही. पण तो मेला म्हणून येत नाही की त्याला सप्लायच नाही, हे कोड सांगत नाही.

म्हणून आधी बॅटरी. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत आणि स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. पाच-सहा मॉड्यूलमध्ये एकदम कोड पडले असतील तर मरायला टेकलेली बॅटरी किंवा सैल टर्मिनल हेच पहिले संशयित.

मग टीसीएमचा सप्लाय आणि अर्थिंग. नेमकी इथेच सर्वात जास्त फसगत होते. कनेक्टर काढून सप्लाय आणि अर्थच्या पिनांवर मल्टिमीटर लावला, १२ व्होल्ट दिसले, की 'सप्लाय ओके' म्हणून पुढे जातात. वायरीचे सगळे तार कुजून एकच उरला असला तरी मीटर १२ व्होल्टच दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. त्याच दोन पिनांवर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. मंद पेटला तर दोष वायरिंगमध्ये, फ्यूजच्या पायांत नाहीतर बॉडीवरच्या अर्थच्या बोल्टखाली साचलेल्या गंजात. बल्ब पेटता ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हपासून अर्थच्या पिनेपर्यंत मोजा, ०.१ व्होल्टपेक्षा जास्त तूट नको. पिना बारीक असतात, त्यात मीटरची जाड सळई खुपसू नका. पीन एकदा सैल झाली की नवाच बिघाड सुरू.

कॅन लाइन, म्हणजे हे सगळे बॉक्स ज्यावरून एकमेकांशी बोलतात ती दोन वायरींची जोडी, बघायची तर बॅटरी काढून स्कॅनर जोडायच्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रोध मोजा. ६० ओहमच्या आसपास आला तर ठीक. १२० आला तर एक बाजू तुटली आहे, शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना टेकल्यात. सॉकेटमागे गेटवे (मध्ये बसून निरोप पुढे पाठवणारा बॉक्स) असलेल्या गाड्यांत हे आकडे तिथे मिळत नाहीत, मोजमाप आत जाऊन घ्यावं लागतं.

कनेक्टरमध्ये हिरवा गंज, पाणी, उंदराने कुरतडलेली वायर या गोष्टी टॉर्च मारली तरी दिसतात. ऑइल मात्र फसवतं. मर्सिडीजच्या ७२२.६ या पाच स्पीड गिअरबॉक्सचं उदाहरण प्रसिद्ध आहे. गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या कनेक्टरच्या बुशिंगवरच्या रबरी ओ-रिंग कडक होतात आणि समईच्या वातीत तेल चढावं तसं ऑइल वायरीच्या आतून चढत थेट टीसीएमच्या सॉकेटपर्यंत जातं. बाहेर थेंबही दिसत नाही. बुशिंग अगदी किरकोळ किमतीचं; ते न बदलता नवा टीसीएम बसवला तर काही महिन्यांनी तोही ऑइलात.

बॉक्स खराब ठरलाच, तर तो का गेला हे शोधल्याशिवाय नवा जोडू नये. शॉर्ट झालेला सोलेनॉइड नव्या बॉक्सचाही ड्रायव्हर, म्हणजे सोलेनॉइडला करंट देणारा आतला भाग, जाळू शकतो. ऐसिन या जपानी कंपनीच्या अनेक गिअरबॉक्समध्ये ऑन-ऑफ सोलेनॉइड ११ ते १५ ओहमचा आणि ऑइलचा दाब कमी-जास्त करणारा लिनिअर सोलेनॉइड ५ ओहमच्या थोडा वर असतो. आपल्या गाडीचे आकडे सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या आणि टीसीएमच्या कनेक्टरवरूनच मोजा, म्हणजे वायरिंगही तपासून होतं.

नवा बॉक्स घेताना हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्ही नंबर जुळायला हवेत. तेच मॉडेल फोर-बाय-फोर असेल तर बॉक्स वेगळा असू शकतो. कुर्ल्याच्या बाजारातून जुना आणायचा मोह होतो, पण अनेक गाड्यांत तो पहिल्या गाडीच्या चासी नंबरशी बांधलेला असतो. तो मोकळा करून देणारा माणूस आधी गाठा, पैसे मग मोजा. जुना बॉक्स स्कॅनरला बोलत असेल तर काढण्याआधी त्यातलं कोडिंग (त्या गाडीची सेटिंग) उतरवून घ्या. प्रोग्रॅमिंग चालू असताना व्होल्टेज घसरलं तर नवा बॉक्स जागीच निकामी होऊ शकतो, म्हणून स्थिर सप्लाय देणारं यंत्र लावा. साधा चार्जर चालत नाही.

टीसीएम गिअरबॉक्सच्या आत, सोलेनॉइड बसवलेल्या व्हॉल्व्ह बॉडीवर असेल तर तळाचा ऑइलचा चेंबर उतरवावा लागतो. मग फिल्टर आणि ऑइल नवं हवं, तेही कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं. झेडएफ या जर्मन कंपनीच्या सहा आणि आठ स्पीड गिअरबॉक्समध्ये ऑइलची लेव्हल इंजिन चालू ठेवून, ऑइल ३० ते ५० अंश असताना बघतात. गार किंवा तापलेल्या ऑइलवर पाहिलेली लेव्हल चुकीचीच. ऑइल दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय, आणि मग प्रश्न टीसीएमपुरता उरत नाही.

शेवटी ॲडाप्टेशन रिसेट आणि लर्निंग, म्हणजे जुन्या सवयी पुसून बॉक्सला शिफ्ट नव्याने शिकवणं. टोयोटाच्या काही गिअरबॉक्सवर स्टिकर असतो, त्यावरचा कोड नव्या बॉक्सला भरावा लागतो. तो राहिला तर झटके तसेच. लर्निंग झाल्यावरही सुरुवातीला शिफ्ट थोडी कडक वाटते, त्यावरून भांडू नका.

गॅरेजवाल्यांना विनंती आणि ग्राहकांना सल्ला एकच आहे. 'टीसीएम बदला' हे वाक्य जॉब कार्डवर येण्याआधी त्यावर तीन नोंदी हव्यात: टीसीएममधून वाचलेले कोड, लोड देऊन मोजलेला सप्लाय व अर्थ, आणि सोलेनॉइडचे ओहम. तासाभराचं काम आहे, त्याची मजुरी ग्राहकाने खळखळ न करता द्यावी. बदललेला जुना बॉक्स मात्र मागून घ्यावा. एक्स्चेंजवर गेला असेल तर तसं बिलात लिहून घ्यावं.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, पिंपरी-चिंचवड