जखमी मासा दाखवायचा कोणाला?

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या रत्नागिरीत हल्ली घरोघरी फिशटँक दिसतात, दुकानंही वाढलीत, पण टँकमधला मासा जखमी झाला तर न्यायचा कुठे हे कोणालाच सांगता येत नाही, त्यासाठीच हे पत्र लिहितेय. गुरांच्या दवाखान्यात म्हैस, बकरी, कुत्रा सगळे येतात, मासा कोणी आणतच नाही. मत्स्य खात्याकडे जावं तर तिथे होड्या, जाळी, डिझेल परतावा, मच्छीमारांच्या योजना, तिथे घरातल्या गोल्डफिशचं कोण ऐकणार? मग माणूस दुकानात जातो आणि दुकानदार निळ्या औषधाची बाटली हातात ठेवतो.

आमच्याकडे ह्या पावसाळ्यात हेच झालं. रात्री लाईट गेलेली, बोका कुठूनतरी आत शिरला, टँकचं झाकण पाडलं आणि भाचीच्या गोल्डफिशला पंजा मारला. एका बाजूचे खवले निघाले, शेपटी चिरली, एक डोळा गेला. दुकानात विचारलं तर म्हणे निळं औषध घाला, नाही जगला तर नवीन घेऊन जा. एका दवाखान्यात फोन केला तर मासा म्हटल्यावर पलीकडचे हसले, भाची बाजूलाच उभी होती आणि तिने ते ऐकलं, मला त्याचं फार लागलं. शेवटी ओळखीतला एक मुलगा मत्स्यशास्त्र शिकलेला, त्याने फोनवरच सगळं नीट समजावून सांगितलं आणि मासा वाचला, आता एका डोळ्याने दाणे शोधून खातो. पण ज्यांची अशी ओळख नाही त्यांनी काय करायचं?

त्याने सांगितलेलं इथे लिहिते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. पहिली गोष्ट, औषधाच्या आधी पाणी. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, त्यामुळे पाणी सतत त्याच्या अंगात शिरत असतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकत बसतात. खवले आणि वरचा बुळबुळीत थर ह्या पाण्याला बऱ्यापैकी अडवतात, जखम झाली की तिथून जास्त पाणी आत जातं आणि अंगातले क्षार बाहेर जातात, म्हणजे आधीच अर्धमेला झालेला मासा त्यातच आणखी थकतो. म्हणून मीठ घालायचं, आपलं साधं जाडं मीठ, लिटरला 1 ते 3 ग्रॅम, वेगळ्या भांड्यात विरघळवून थोडं थोडं करत. पाणी बदलताना जेवढं पाणी काढलं तेवढ्यापुरतंच मीठ परत घालायचं, कारण मीठ काही उडून जात नाही, नाहीतर रोज वाढत जातं. टँकमध्ये झाडं असतील तर हे तिथे करायचं नाही, तसंही जखमी माशाला वेगळ्या टबातच ठेवायचं, बाकीचे मासे जखमेला टोचतात.

दुसरं म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात विहिरीत, टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर पडते, आणि ती पडायलाच हवी, आपल्याला तेच पाणी प्यायचंय. पण त्यातलं क्लोरीन माशाचे कल्ले जाळतं. अँटीक्लोरीनचे थेंब दुकानात मिळतात, ते घालूनच पाणी वापरायचं. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो, छोट्या टबात तो पटकन साठतो, म्हणून रोज पाव-एक हिस्सा पाणी बदलायचं आणि पहिले एक-दोन दिवस खायला काहीच द्यायचं नाही, गोल्डफिश तेवढ्याने मरत नाही. जाळीने पकडायचा नाही, वाटीत पाण्यासकट उचलायचा. एअर पंप चालूच हवा, आणि आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही म्हणून बॅटरीवरचा एक जवळ ठेवलेला बरा. ते निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्ल्यू, बुरशीवर ते चालतं, पण मुख्य टँकमध्ये ओतलं तर फिल्टरमधले अमोनिया खाणारे चांगले जिवाणूच मरतात, आणि हे बाटली देताना कोणी सांगत नाही!

खवले परत येतात, पराचं मूळ शाबूत असेल तर परही वाढतो. डोळा येत नाही.

आता काही जण म्हणतील, कोकणात राहून माशाचे कसले लाड. आम्हीही बांगडा खातो, सोडलेला नाहीये. पण जो जीव आपण हौसेने घरात आणून काचेत ठेवला त्याला दुसरीकडे जाताच येत नाही, त्याचं सगळं आपल्याच हातात, मग तो तडफडत असताना बघत बसायचं का? 2003 मध्ये ब्रिटनमधल्या लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राऊट माशाच्या डोक्यावर इजा ओळखणाऱ्या नसा असतात हे दाखवून दिलंय. आणि 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव, म्हणजे मासाही आला, आणि ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याला विनाकारण वेदना होऊ नयेत हे बघायचं असंही त्यातच आहे. वाचण्यासारखा नसेल तर जिवंतपणी फ्लश करणं किंवा फ्रीजरमध्ये टाकणं हे तर अजिबात नको, तिथेसुद्धा जाणकार माणूसच लागतो.

आपल्याकडे जाणकार नाहीत असं मुळीच नाही. शिरगावला 1981 पासून मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे माशांचे रोग रीतसर शिकवतात, झाडगावला सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे, तिथलं मत्स्यालय बघायला शाळांच्या सहली जातात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, आठवड्यातून एक दिवस तासभर फोनवर सल्ला द्यायची सोय करा, शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना त्यात घ्या, त्यांचाही सराव होईल. पशुवैद्यकीय दवाखान्यांनी निदान तो नंबर भिंतीवर लावावा. आणि दुकानदारांनी मासा विकताना पाणी, मीठ, क्लोरीन एवढं लिहिलेली एक चिठ्ठी पिशवीबरोबर द्यावी, त्याला असा काय खर्च येतो.

अशी सोय झाली तर तो नंबर तुमच्या पेपरात ठळक छापा. पाऊस अजून महिनाभर तरी आहे, लाईट रोज जातेय, तेव्हा हे पत्र जरा लवकर घेतलंत तर बरं होईल.

एक वाचक, रत्नागिरी