सांगोल्याचे दप्तर उघडावे : विधानसभेच्या माननीय अध्यक्षांना खुले पत्र

माननीय अध्यक्ष,
महाराष्ट्र विधानसभा, मुंबई

सप्रेम नमस्कार.

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला या २५३ क्रमांकाच्या मतदारसंघाचा एक मतदार या नात्याने हे पत्र लिहीत आहे. विनंती एकच आहे: या मतदारसंघाच्या प्रतिनिधींनी सभागृहात आजवर केलेले काम मतदारसंघनिहाय एकत्र करून ते इथल्या लोकांना वाचायला मिळावे.

गणपतराव देशमुख १९६२ साली शेतकरी कामगार पक्षातर्फे सांगोल्यातून प्रथम निवडून आले, तेव्हा विधानसभेच्या जागा २६४ होत्या. १९७२ मध्ये त्यांचा पराभव झाला, १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परतले आणि १९९५ मध्ये अवघ्या १९२ मतांनी पुन्हा हरले; हे दोन पराभव वगळता २०१४ पर्यंत सांगोल्याने त्यांनाच, एकूण अकरा वेळा, निवडले. वृत्तपत्रांतून याला सर्रास देशातला विक्रम म्हटले जाते. केरळात के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले होते, तेव्हा तो दावा टिकत नाही, आणि टिकला असता तरी माझ्या लेखी त्याचे महत्त्व बेताचेच राहिले असते. जो पक्ष राज्यात वर्षानुवर्षे आक्रसत गेला, त्याच्या उमेदवाराला एका दुष्काळी तालुक्याने पिढ्यान्‌पिढ्या का निवडले, हा माझा प्रश्न आहे. १९७८ चे पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार आणि १९९९ नंतरचे विलासराव देशमुखांचे मंत्रिमंडळ सोडले तर गणपतरावांची कारकीर्द बहुतांशी विरोधी बाकांवर गेली. म्हणजे त्यांच्या हाती होती ती मुख्यतः आपल्या सभागृहाचीच आयुधे: तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना.

गावात मात्र त्यांच्या आठवणी निघाल्या की एसटीचा प्रवास, साधी राहणी आणि दारावर आलेल्या कोणाशीही बोलण्याची रीत, याच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात. त्या खऱ्या आहेत आणि आम्हाला त्यांचा अभिमानही आहे. परंतु माणदेशाच्या पाण्यासाठी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांसाठी, नीरा उजव्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला पोहोचता पोहोचता आटणाऱ्या आवर्तनांसाठी सभागृहात कोणत्या वर्षी काय विचारले गेले, कोणत्या मंत्र्याने काय उत्तर दिले आणि त्या उत्तराचे पुढे काय झाले, हे सांगोल्यात कोणालाही सलग सांगता येत नाही. आख्यायिका झाल्या, दप्तर बंदच राहिले. २०२२ मध्ये शिवसेनेतील बंडाच्या वेळी आमचे तत्कालीन आमदार शहाजीबापू पाटील यांच्या गुवाहाटीतील ‘काय झाडी, काय डोंगर’ या दूरध्वनी संभाषणामुळे सांगोला राज्यभर गाजला. झाडी आणि डोंगर सर्वांना पाठ झाले, पण त्याच आमदारांनी सभागृहात तालुक्याविषयी काय मांडले ते आमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? हा दोष त्यांच्या एकट्याचा मानणे अन्यायाचे होईल. कार्यवाहीचे खंड अधिवेशन आणि तारीख यांच्या क्रमाने लावलेले असतात. आपल्या तालुक्याचा धागा शोधणाऱ्याला ते सारे खंड पालथे घालावे लागतात.

ही मागणी आत्ताच करण्यास कारण आहे. राज्यघटनेच्या ८४ व्या दुरुस्तीने विधानसभेच्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली आहे. ती जनगणना झाली की मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा मार्ग मोकळा होईल. मागच्या पुनर्रचनेत, २००८ मध्ये, सांगोला नव्याने झालेल्या माढा लोकसभा मतदारसंघात गेला आणि पंढरपूर तालुक्याचा काही भाग विधानसभेसाठी सांगोल्याला जोडला गेला. पुनर्रचनेच्या मसुद्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा लोक जातीची आणि पक्षाची गणिते मांडतात, कारण हाताशी दुसरी माहिती नसते. कोणती गावे केव्हा कोणत्या मतदारसंघात होती आणि त्यांचे प्रश्न कोणी मांडले, हे समोर असेल तर हरकतीही त्या आधाराने घेता येतील. १०६ व्या घटनादुरुस्तीतील महिला आरक्षणही याच पुनर्रचनेशी बांधलेले आहे. १९६२ ते २०२४ या बासष्ट वर्षांत सांगोल्याचे प्रतिनिधित्व मोजून चार व्यक्तींनी केले आणि ते चौघेही पुरुष होते, हेही त्या नोंदीत उघड दिसेल.

निसटत्या निकालांचा हा मतदारसंघ आहे. १९९५ चे १९२ मतांचे अंतर वर आलेच. २०१९ मध्ये गणपतरावांचे नातू ७६८ मतांनी हरले आणि २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख निवडून आले. इतक्या थोड्या मतांवर कौल फिरत असेल, तर मतदारांपुढे कामाचा लेखाजोखा असलाच पाहिजे.

विधिमंडळ सचिवालयाने आरंभ म्हणून सांगोल्याचा एकच खंड काढावा, त्यात बदलत्या हद्दींचे नकाशे द्यावेत आणि त्याच्या प्रती तालुक्यातील सार्वजनिक ग्रंथालयांत ठेवाव्यात. पहिल्या खंडासाठी १९६२ ते १९७२ ही वर्षे घ्यावीत. तेव्हा मतदानाचे वय एकवीस होते, म्हणजे त्या पहिल्या निवडणुकीत मत दिलेली माणसे आज पंच्याऐंशीच्या घरात आहेत. जुन्या उत्तरांमध्ये येणारे तलाव, ओढे आणि वाड्या नेमक्या कोणत्या, हे जागेवर नेऊन दाखवणारे आता तेवढेच उरले आहेत.

आपला विश्वासू,
सांगोला मतदारसंघातील एक मतदार