चिऊची शाळा

चि. सुधीरला अनेक आशीर्वाद.

परवा फोन मीच ठेवला. पोरं चिडवतात म्हणून चिऊला शाळेतून काढून घरीच शिकवणार, असं तू सांगितलंस आणि माझ्या पोटात गोळा आला. लेकरू तुमचं, ठरवणार तुम्ही. पण तिचे कान तपासलेत का?

बाई म्हणतात, तिचं लक्ष नसतं, एकदा सांगून कळत नाही. हेच मी तुझ्याबद्दल ऐकलंय. तूही चिऊसारखाच दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन जन्मलास. तुझा ओठ चौथ्या महिन्यात शिवला, टाळू दीड वर्षाचा असताना. झालं सगळं, असं आम्ही धरून चाललो. अशा टाळूचे स्नायू नीट काम करत नाहीत, त्यामुळे कानाची आतली नळी उघडत नाही, पडद्यामागे पाणी साठतं, हे कळलं तू चौथीत गेल्यावर. तोवर शेवटच्या बाकावर अर्धंमुर्धं ऐकत बसला होतास. सर्दी झाली की तेवढंही नाही. आणि पाढे येत नाहीत म्हणून मी तुला मारलंय. तू विसरला असशील.

तू 'बाबा' म्हणायचास, ते 'मामा' ऐकू यायचं. हे हसायचे, मग उठून गोठ्यात जाऊन बसायचे.

शाळेत फोटो काढणार होते त्या दिवशी मी ताप आल्याचं कळवून तुला घरी ठेवलं. इस्त्री मोडू नये म्हणून तू गणवेशात ओट्यावर ताठ बसून राहिलास, दुपारपर्यंत. तुला चिडवतील म्हणूनच ठेवलं होतं रे. म्हणून सांगते, घरी ठेवू नकोस.

अंगणवाडीत 31 वर्षं काढली मी. 2013 साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला, तेव्हापासून तपासणीचं पथक येतं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. अशी दोन लेकरं मी स्वतः ऑपरेशनला पाठवली. ग्रहणात भाजी चिरली म्हणून सुनेला बोलणाऱ्या एका सासूला तिच्याच उंबऱ्यावर गप्प केलं. आक्कांनी मला तेच ऐकवलं होतं, तेव्हा तोंड उघडलं नव्हतं. चिऊ नऊ-दहा वर्षांची झाली की हिरडीत हाड भरायचं ऑपरेशन आहेच. तेव्हा शाळा बुडेलच. आत्तापासून कशाला बुडवायची? उच्चारांचे धडे सोडू नका, बाईंना सांगून तिला पुढच्या बाकावर बसवा, आणि कान...

बघ, पुन्हा भाषण झालं. राग मानू नकोस. तुम्ही दोघं तिच्यासाठी किती धावता, ते मला दिसतं. मागे एकदा न कळवता तुझ्या बँकेत आले होते. काउंटरवर एका म्हाताऱ्याला तू फॉर्म समजावत होतास, तोच तोच शब्द न कंटाळता तीनदा. दारातूनच बघितलं आणि परत फिरले. डोळे भरून आले होते, लोकांत कशाला.

मेतकूट पाठवलंय. सुनबाईला आशीर्वाद.

तुझी,
आई

ता. क. डॉक्टरकडे नेशीलच. पण आज रात्री तिच्या मागे उभा राहून हळूच हाक मारून बघ. तुझं तोंड तिला दिसू देऊ नकोस. ती ओठांकडे बघून ओळखत असेल. तू ओळखायचास.