हे कुठे चालतंय, ते आधी विचार

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

वर्गात ब्राउझर, सर्व्हर, डीएनएस, एचटीएमएल असं सगळं एका दमात सांगून झालं आणि तू व्याख्या पाठ करायला बसलीस, हे ऐकून लिहायला घेतलं. पाठ करू नकोस, बाळा. नवा शब्द आला की एवढंच विचार: हे काम कुठल्या मशीनवर चालतं? समोरच्या की लांबच्या?

समोर ब्राउझर आहे, म्हणजे पानं दाखवणारा क्रोमसारखा प्रोग्राम. लांबच्या मशीनवर सर्व्हर, मागितलेली पानं धाडणारा. तू पत्ता टाकून एंटर दाबलंस की तो आधी डीएनएसकडून, म्हणजे नेटवरच्या नाव-पत्त्यांच्या वहीतून, त्या नावाचा आयपी पत्ता (त्या मशीनचा आकड्यांतला पत्ता) घेतो आणि तिथल्या सर्व्हरकडे पान मागतो. ही रिक्वेस्ट. सर्व्हर जे धाडतो तो रिस्पॉन्स. दोघांनी कसं बोलायचं त्याचे नियम म्हणजे एचटीटीपी. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि १९९३ मध्ये सर्नने ते तंत्र सगळ्यांना फुकट खुलं केलं. म्हणून तुला आज पान लिहायला कुणाला विचारावं लागत नाही. याचं मला फार मोल वाटतं.

आता क्रोममध्ये एफ१२ दाब, नेटवर्क टॅब उघड आणि पान रिफ्रेश कर. पानाबरोबर काय काय आलं ते ओळीने दिसेल. स्टेटस २०० म्हणजे मागितलं ते मिळालं. ५०० म्हणजे घोळ सर्व्हरवर. ४०४ आला की लोक राउटर बंद-चालू करत बसतात, पण सर्व्हरने उत्तर दिलंय म्हणजे नेट चालूच आहे. फक्त त्या पत्त्यावर पान नाही.

एचटीएमएल मथळा कुठला नि परिच्छेद कुठला ते सांगतं, सीएसएस रंगरूप बघतं, क्लिक केल्यावर काय व्हायचं ते जावास्क्रिप्ट. तिन्ही फायली येतात सर्व्हरवरून, पण चालतात ब्राउझरमध्ये, म्हणजे वापरणाऱ्याच्या मशीनवर. तिथे वापरणारा त्यात हवा तो बदल करू शकतो. म्हणून फॉर्ममधली माहिती जावास्क्रिप्टने तपासलीस तरी सर्व्हरवर पुन्हा तपासायचीच. यात कधीही सवलत घेऊ नकोस.

तुला मराठीतून पान करायचंय, म्हणून हे नीट वाच. फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायच्या या पद्धतीत, सेव्ह कर आणि एचटीएमएलच्या सुरुवातीच्या हेड भागातल्या मेटा टॅगमध्ये चारसेट (अक्षरं साठवायची पद्धत) म्हणूनही तीच लिही, नाहीतर मराठीच्या जागी भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं उमटतील. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षर साठवायला एक बाइट जागा लागते, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. मग एफ१२ च्याच खिडकीतल्या कन्सोल टॅबमध्ये अवतरणचिन्हांत ‘नमस्ते’ लिहून पुढे डॉट लेंग्थ (.length, म्हणजे लांबी) लाव. उत्तर ६ येईल. आपल्याला दिसतात न, म, स्ते अशी तीनच अक्षरं. जावास्क्रिप्ट न, म, स, हलन्त, त आणि मात्रा असं सुटं मोजतं. नावाच्या रकान्याला अक्षरमर्यादा घालशील तेव्हा हे लक्षात ठेव. इंग्रजी नावं मोजून मर्यादा ठरवली, तर ज्ञानेश्वर आणि कृष्णाबाई अर्ध्यात तुटतात.

रविवारी पान दाखव. लोकलहोस्टची लिंक मात्र पाठवू नकोस. तो पत्ता, १२७.०.०.१, ज्याच्या त्याच्या स्वतःच्याच मशीनचा असतो, माझ्याकडे काहीच उघडणार नाही. व्हिडिओ कॉल लाव आणि स्क्रीन शेअर कर.

तुझी,
आई