दार उघडं ठेवणाऱ्या मॅडमना

मॅडम, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण भाऊ तुमच्या वॉर्डातून घरी आलाय, काल स्वतःहून रावेरच्या बाजारात जाऊन आला. गप्प बसवत नाही.

राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. खान्देशात एकही नाही. त्यामुळे आधी जवळ मिळेल तिथे नेलं. एका ठिकाणी डॉक्टरसाहेबांनी भाऊकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, चिठ्ठी मात्र लांबलचक. कुणी मौनाच्या शिबिराला धाडा म्हणालं. ज्याला रात्रंदिवस आवाज ऐकू येतात त्याला दहा दिवस गप्प बसवायचं! सांगणाऱ्यांचं काय जातं?

तुमच्या वॉर्डालाही कुलूप होतंच. भेटीला गेलं की पिशवी तपासायची, पायजम्याची नाडीसुद्धा आत जाऊ द्यायची नाही. अशा जागी पहिल्याच दिवशी तुम्ही त्याला विचारलंत, "भाऊ, या खोलीचं दार उघडं ठेवू की लोटू?" तो उघडं म्हणाला. मग तुम्ही खुर्ची सरकवून अशी बसलात की त्याला दार दिसत राहावं. इतक्या दिवसांत त्याला कुणी काही विचारलं ते हेच. बाकी सगळे नुसते सांगत होते, आम्हीसुद्धा.

तुम्ही त्याला माइंडफुलनेस शिकवलंत, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे नुसतं लक्ष देणं. ते डोळे मिटून करायचं असतं, असं मला वाटायचं. तुम्ही डोळे उघडेच ठेवायला सांगितलेत. दहा मिनिटांच्या आत आटपायचं, मधे फार वेळ शांतता नाही, तुमचं बोलणं चालूच. आवाज आला तर येऊ दे, त्याच्याशी भांडू नको, त्याचं ऐकायलाही नको, पाय जमिनीला टेकलेत तिकडे बघ. गोळ्या चालूच होत्या, त्या बंद करायचं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. १९७९ साली अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी हे दवाखान्यात सुरू केलं, तिकडे नीट लक्ष देऊन बघायला मनुका हातात देतात, असं तुम्हीच सांगितलंत. भाऊला तुम्ही आईने आणलेला शेंगदाणा दिलात. साल काढायला त्याने इतका वेळ लावला की आई हसायला लागली.

आवाज अजून येतात, पण आता तो ताट सोडून उठत नाही.

सभ्यपणाला बजेट लागत नाही, तरी तोच मिळत नाही कुठे. आई म्हणते केळीचा घड पाठवायचाय. नियमात बसत नसेल तर गेटवरच्या मामांना देऊन टाका, तेही कधी खेकसले नाहीत.

भाऊची ताई